भिंतीवरचा म्हातारा

रेडफर्न
१२ सप्टेंबर

प्रिय नॅन हिस,
तुझ्या भटक्या नातवाचे दोन्ही गालांवर पापे. वि. वि.

घराला धूर देऊन झाला. हे आधीच लिहून टाकतो, कारण मी बोलायला लागलो की मुद्दा मागं राहतो, आणि मग तू आयव्ही आंटीला म्हणतेस की या पोराचं पत्र म्हणजे डबोची गाडी, दर ठेसनाला थांबते. तर झालं. तू तिकडनं, आयव्ही आंटीकडनं, बसनं पाठवलेला पाला अजून ओला होता, त्यामुळं छान दाट पांढरा धूर निघाला. थेल्मा आंटी शेजारनं आली आणि तो बादलीत घेऊन खोलीखोलीतनं फिरली, मी पुढं होऊन खिडक्या उघडत होतो. आपला म्हातारा ज्या खाटेवर गेला तिथं ती बराच वेळ थांबली. त्याला म्हणाली की चल आता दादा, तुझं इथलं आटपलं, तिकडं तुझी माणसं खोळंबलीत, पोरांची काळजी करू नकोस, पोरं आहेत तशीच राहणार. शेवटचं माझ्याकडं बघून म्हणाली. मी त्याचं नाव तोंडातनं काढलं नाही, नॅन. इथंही लिहीत नाही. तुमच्या घरी आलो तेव्हा मी चौदाचा होतो, त्याआधीच्या परक्या घरांतनं मला हे कोण शिकवणार? पण एवढं आता कळतं.

मग आगीचे बंब आले. दोन! समोरच्या नव्या इमारतीतनं कुणीतरी कळवलं की जुन्या घरांतली माणसं घर जाळतायत. जाड कोट घातलेले पाचसहा जण पाण्याचे पाइप ओढत दारात. त्यातला एक आपल्या आदिवासी माणसांतलाच निघाला, तिकडं वॉलगेटकडचा. त्यानं बादली बघितली, शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि बाकीच्यांना हळूच सांगितलं की पाइप गुंडाळा आणि गप उभे राहा. ते खरंच उभे राहिले, शाळेतल्यासारखे रांगेत. थेल्मा आंटी म्हणाली की आलाच आहात तर तुम्हीही घ्या, आणि बुटांपासून डोक्यापर्यंत सगळ्यांना धूर दिला. जाताना एक गोरा पोरगा डोळे पुसत होता. धुरानं असेल.

आता कामाचं. घरं सांभाळणाऱ्या संस्थेची बाई येऊन गेली. म्हणाली की घर तुझ्या नॅनच्या नावावर आहे, तुझ्या नाही. नोव्हेंबर संपायच्या आत नॅन स्वतः इथं राहताना दिसली नाही, तर घर रिकामं धरून दुसऱ्याला देतील. मी विचारलं दुसरा कोण, तर ती छताकडं बघायला लागली. तेव्हा नॅन, धूर झालाय, खोल्या मोकळ्या झाल्यात, तू ये. चेरीच्या तोडणीला एक दोस्त बोलावतोय, पण तू येईपर्यंत मी हलत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. त्या काचेच्या इमारतीनं आपलं अर्धं आभाळ खाल्लं हे खरं, पण मावळतीचं ऊन तिच्यावर आपटून उलटं आपल्या गल्लीत येतं. म्हणजे सूर्य एकदा बुडतो आणि पुन्हा थोडा वेळ आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसतो. तुझी किटली तेवढ्यापुरती सोन्याची होते. मग वटवाघळं निघतात, त्यांची सावली काचेवर आधी आणि आभाळात मागून.

लोभ आहेच, तो असाच उतू जाऊ दे.
तुझा
मार्ली

ब्रेवारिना
२७ सप्टेंबर

चि. मार्लीस,
नॅनचे अ. उ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र आयव्हीनं मोठ्यानं वाचलं. बंबवाल्यांना धूर दिला तिथं ती इतकी हसली की दातांची कवळी सांभाळायला लागली. थेल्माला सांग, पुढच्या वेळी पोलिसांनाही दे, त्यांना जास्त गरज आहे.

तू आयव्हीला विचारलंस म्हणे की नॅन फोन का घेत नाही. घेतला असता, पण फोनवर माझं रडणं तुला ऐकू जातं आणि मग तू गप्प होतोस. पत्रात मी रडून, नाक पुसून, चहा पिऊन मग पुढची ओळ लिहिते, तुला कळतसुद्धा नाही.

मी बरी आहे. सकाळी नदीवर जाते. पाणी दुधाच्या चहासारखं आहे, हलतंय की थांबलंय ते समजत नाही. आयव्ही गळ टाकून माशांना शिव्या घालते आणि ते तिला घाबरून पलीकडच्या काठावरच्या कुणा म्हाताऱ्याच्या गळाला लागतात. दुपारी राखेत पाव भाजतो. झोप मात्र विचित्र झालीय. दिवसासुद्धा डोळा लागतो आणि तेच दिसतं: आपला म्हातारा त्या लांब पांढऱ्या रस्त्यानं चाललाय, पाठमोरा, टोपी मागं सरकलेली, आणि गलाह पाखरांचा थवा त्याच्या डोक्यावरनं गुलाबी होऊन उलटतोय. तो वळत नाही. मला बरं वाटतं. वळला असता तर मी घाबरले असते.

घर सोडायचं नाही, मार्ली. आम्ही दोघं त्या गल्लीत आलो तेव्हा दारं नव्हती, नळ नव्हते, जिन्यात उंदीर शाळा भरवायचे. गोऱ्यांना ती घरं फुकट दिली तरी नको होती. आम्ही झाडली, पुसली, रंगवली, त्यात पोरं वाढवली, कुणाकुणाची वाढवली ते मोजलं नाही. आता तीच घरं त्यांना सुंदर दिसायला लागली. म्हणून तर मी येणार. दारातलं जकारांडाचं झाड फुललं की येते.

ती पिवळ्या दारवाली फिलिपा काय म्हणते? तिनंच पहिल्या वर्षी पोलिसांना कळवलं होतं ना, की एक काळा माणूस रोज खुर्ची टाकून लोकांच्या घरांवर नजर ठेवतो! पोलिसानं विचारलं इथं काय करतोस, तर आपला म्हातारा म्हणाला की चहा निवायची वाट बघतोय. मग त्यानं तिचं मरायला टेकलेलं लिंबाचं झाड जगवलं आणि बाई त्याची चेलीच झाली. मातीच्या वेळी माझ्यापेक्षा जास्त रडली. वाईट नाही ती, नुसती घाईची आहे.

खिडक्या संध्याकाळी लावत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी
नॅन डल्सी

रेडफर्न
२० ऑक्टोबर

प्रिय नॅन हिस,
या वेळी पापे चार, कारण बातमी चौपट आहे. वि. वि.

जकारांडाच्या कळ्या दिसायला लागल्या. आणि आता बस, पाण्याचा ग्लास जवळ घे. आपल्या दारासमोर नव्या इमारतीची ती कोरी भिंत आहे ना, गाड्या ठेवतात तिथली, दोन माणसं उंच? त्या भिंतीवर आपला म्हातारा येतोय.

झालं असं. फिलिपा घरी आली, कुत्रं काखेत. म्हणाली की गल्लीत इतके नवे लोक आलेत, त्यांना ठाऊकच नाही की इथं कोण राहत होतं. खरंच आहे ते, परवा कॉफीच्या दुकानात तिथल्या पोरीनं मला विचारलं की तू इकडं कुणाकडं आलायस का. मी म्हटलं मी इथलाच, तर ती म्हणाली, अरे वा, खरंच का! म्हणजे मी एखादा जुना दिवा असल्यासारखं. तर फिलिपाचं म्हणणं पटलं मला. म्हाताऱ्याचं मोठं चित्र काढायचं, की कुणी गल्लीत शिरलं तर आधी त्याला भेटेल. मागल्या ख्रिसमसला मी काढलेला फोटो माझ्याकडं होता, तो हसतोय आणि डोळे बारीक झालेत तो. मी दिला.

नाव लिहायचं नाही म्हणून मी सक्त बजावलं. फिलिपानं आणलेला चित्रकार नाव लिहायला निघाला होता, मी शिडी धरून ठेवली आणि म्हटलं की आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. सगळे एकदम गंभीर झाले, मान डोलावली. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

नॅन, तू बघायला हवं होतंस. पहिल्या दिवशी नुसते राखाडी डाग, ढगासारखे. मी पायरीवर बसून बघत होतो. दुसऱ्या दिवशी कपाळ आलं. मग गालावरची ती घडी. पाण्याच्या तळातनं कुणी हळूहळू वर यावं तसा तो भिंतीतनं वर आला. संध्याकाळचं दुसरं ऊन आपल्या खिडकीवरनं परतून त्याच्यावर पडलं तेव्हा डोळे ओले वाटले. मी त्याला दिवसभराचं सांगत बसलो. येणारेजाणारे थांबतात, फोटो काढतात. त्याच गल्लीत तो जिवंत असताना बायका पर्स छातीशी धरून जायच्या, आता त्याच्या गालाला हात लावून जातात.

तू आलीस की दार उघडल्याउघडल्या तो समोर. मला वाटलं, तुला एकटीला राहायचंय, तर त्याला परत आणून ठेवावं.

जपून ये. माझ्यावरचं प्रेम डब्यात घालून आण.
तुझा
मार्ली

ब्रेवारिना
२९ ऑक्टोबर

चि. मार्लीस,
आशीर्वाद.

आयव्हीनं पत्र मध्येच थांबवलं, पुढचं मी स्वतः वाचलं.

तुझ्यावर रागावले नाही. तुला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही. मला वाटलं, नावाचं कळलं म्हणजे बाकीचं कळलं. आठवतं, जाण्याआधी मी सगळे फोटो पेटीत घातले? ते धूळ बसू नये म्हणून नव्हे रे.

चेहरा म्हणजेही हाकच असते. माणूस गेला की त्याला जाऊ द्यायचं. नाव घ्यायचं नाही, चेहरा समोर धरायचा नाही, धुरानं वाट मोकळी करायची. पुढं कधीतरी, आपण माणसं बरी झालो की, फोटो पुन्हा बाहेर काढायचा. ते घरच्यांनी ठरवायचं. आत्ता तुम्ही घरातनं त्याला निरोप दिलात आणि दाराबाहेर धरून ठेवलंत. तो कुठं जाईल?

परवापासनं स्वप्नात तो थांबलाय. रस्त्याच्या मध्ये. अजून वळला नाही.

मी त्या भिंतीसमोरनं घरात शिरू शकत नाही. तो माझ्याकडं बघेल आणि मी त्याच्याकडं बघेन, आणि दोघंही अडकून पडू. घर जाईल तर जाऊ दे.

तू माझाच आहेस, ते बदलत नाही.
नॅन

रेडफर्न
८ नोव्हेंबर

प्रिय नॅन हिस,
पापे द्यायला तोंड नाही. तरी वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी पार बाँडायपर्यंत चालत गेलो, का ते माहीत नाही, समुद्र बघितला, परत आलो. मग फिलिपाकडं गेलो. तिला सांगितलं की चित्र पुसायचं. ती आधी हसली, मग तिचा चेहरा उतरला. म्हणाली की आम्ही तर तुमच्या संस्कृतीचा मान राखला. मी म्हटलं हो, माझ्याच हातानं राखलास, चूक माझी. ती म्हणाली की तो फक्त तुमचा नव्हता, माझाही मित्र होता, मी रोज सकाळी पडदा सारला की त्याला बघते आणि मग दिवस सुरू होतो. नंतर तिचंच तिला कसंतरी झालं, कुत्र्याला कुरवाळत बसली. पण पुसू म्हणाली नाही. भिंत इमारतवाल्या कंपनीची. कंपनीत फोन केला तर म्हणाले अर्ज करा, नाताळनंतर बघू, आणि असंही म्हणाले की चित्रामुळं घरं बघायला येणाऱ्यांना गल्ली आपुलकीची वाटते.

मग मी स्वतःच राखाडी रंगाचा डबा आणला. सकाळी सहाला शिडी लावली. कोटाची एक बाही पुसून झाली नाही तोच एक पळणारा माणूस कानातला ईअरफोन काढून ओरडला की लाज नाही वाटत, त्या म्हाताऱ्या माणसाचा थोडा तरी आदर कर! खिडक्या उघडल्या. कुणी म्हणालं की ही इथली पोरं, स्वतःच्या माणसांचीसुद्धा कदर नाही. पोलीस आले. मी सांगितलं की हा माझा आजोबा. पोलीस म्हणाला की मग तू त्याला पुसतोयस कशाला? नॅन, मी शिडीवरनं उतरलो आणि ब्रश पुसत राहिलो. थेल्मा आंटी झग्यातच बाहेर आली, तिनं त्याला असं झापलं की तो रंगाचा डबा स्वतः उचलून आपल्या पायरीवर ठेवून गेला. पण ताकीद देऊन गेला, पुन्हा हात लावलास तर चौकीत.

जकारांडा फुललाय. गल्ली जांभळी झालीय आणि त्याच्या गालांवर पाकळ्या चिकटल्यात. मी त्याच्याकडं बघत नाही. मान खाली घालून जातो, येतो.

मी काय करू ते सांग. रागावली असशील तरी रागातसुद्धा आठवण काढ.
तुझा
मार्ली

ब्रेवारिना
१५ नोव्हेंबर

चि. मार्लीस,
अ. उ. आ. आणि डोक्यावरून हात.

आयव्ही म्हणाली की डल्सी, तू इथं बसून रडशील आणि तिकडं तुझ्या स्वयंपाकघरात कुणीतरी वाइनचं कपाट ठेवेल. मग मला राग आला. रागानं मला नेहमीच बरं वाटतं.

गुरुवारच्या गाडीनं येते. स्टेशनवर ये. गल्लीच्या तोंडापासनं मी डोळे मिटून चालेन, तू हात धर. पायऱ्या सांग. पडले तर तुझ्यावरच पडेन, मी काही हलकी नाही. घरात पुढच्या खिडकीला घोंगडी लाव. पुढं रोज कसं जायचंयायचं ते माहीत नाही. आंधळ्या म्हातारीसारखी जाईन. भीती एकच, चुकून डोळे उघडले तर.

सॉसेजचा रस्सा करून ठेव, कांदा जाळू नकोस. बाकी माया आहे तिथंच आहे.
तुझी
नॅन

रेडफर्न
गुरुवार, संध्याकाळ

प्रिय आयव्ही आंटी हिस,
मार्लीची तुझ्या कवळीसकट कडकडून मिठी. वि. वि.

घर राहिलं. नॅन आत झोपलीय, घोरतेय, तुला ऐकू येत असेल. चार वाजता संस्थेची बाई आली, नॅननं दार उघडलं, तिला विचारलं काय पाहिजे, बाई म्हणाली काही नाही, एवढंच बघायचं होतं. मी हे आधी लिहिलं, मला शिकवलंय तसं. आता कसं झालं ते.

नॅनचं पत्र मी थेल्मा आंटीला वाचून दाखवलं. डोळे मिटून चालेन हे ऐकून ती उठलीच. म्हणाली की डल्सीनं त्या गल्लीत कधी मान खाली घातली नाही, आता आंधळी होऊन शिरणार? पुसता येत नाही ना, मग झाका. कपाटातनं तिनं आपल्या सगळ्या चादरी काढल्या. मग तिनं फोन लावले. तिचा फोन म्हणजे तुला माहीत आहे, वॉटरलूच्या टॉवरांपासनं ग्लीबपर्यंत सगळ्यांना कळतं आणि कुणाची नाही म्हणायची छाती होत नाही.

सकाळपासनं माणसं यायला लागली. फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या चादरी, एक पोरगा तर फुटबॉलच्या संघाची लाल-हिरवी घेऊन आला. झाडूच्या, फरशी पुसायच्या, पडद्यांच्या काठ्या. दोन-दोन चादरी शिवून उंची केली आणि काठ्यांवर ताणल्या. गल्लीच्या तोंडापासनं आमच्या दारापर्यंत रांग लागली. नवी माणसं कॉफीचे पेले घेऊन बघत होती. एकानं विचारलं की हा काय सण आहे? थेल्मा आंटी म्हणाली की सण नाही, तुमचा हात रिकामा दिसतोय, धर. त्यानं पेला खाली ठेवला आणि धरली.

मी स्टेशनवर गेलो. नॅन उतरली, बारीक झालीय गं. माझा हात धरला आणि तिथनंच डोळे मिटले. गल्लीच्या तोंडाशी मी म्हटलं की नॅन, उघड. ती म्हणाली की कार्ट्या, चेष्टा करू नकोस. मी म्हटलं की शपथ, उघड.

तिनं एकच डोळा उघडला. मग दुसरा.

आंटी, वारा होता. सगळ्या चादरी एकदम फुगायच्या आणि पोटात श्वास सोडल्यासारख्या बसायच्या. वरनं जांभळी फुलं पडत होती. चादरींच्या मधून नुसतं ऊन येत होतं, फुलाफुलांचं, पट्ट्यापट्ट्यांचं, आणि ते तिच्या अंगावरनं सरकत होतं. पलीकडनं आगगाडी गेली ती लांबच्या पाण्यासारखी. नॅन नदीत उतरल्यासारखी चालत होती, प्रत्येकाच्या कोपराला हात लावत. मी मनात म्हटलं, असंच चालत राहावं, घर येऊच नये.

बरोबर मध्ये, जिथं त्याचा चेहरा येतो तिथं, फिलिपा काठी धरून उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं तिला. बाकीच्यांनी तोंडं आमच्याकडं केली होती, ती एकटी भिंतीकडं तोंड करून उभी, चादरीच्या फटीतनं त्याच्याकडं बघत, आणि खांदे हलत होते. नॅन थांबली. मला वाटलं आता नॅन भडकणार. नॅननं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली की पोरी, मलाही त्याला बघायचंय, तुझ्याहून जास्त बघायचंय. पण त्याला वाट चालायचीय. तू सोडलंस तर मलाही सोडता येईल.

फिलिपा काठी न सोडता हळूहळू वळली. लाल झालेलं तोंड, नाक वाहतंय. तिनं सांगितलं की उद्या सकाळी ती आणि चित्रकार चादरीमागं जाऊन सगळं पुसणार, कंपनीला काय करायचंय ते करू दे. नॅन म्हणाली की बरं, आणि आधी ते नाक पूस.

नॅन आत गेली. दार लागलं. किटली शिट्टी घालायला लागली. तरी चादरी कुणी खाली घेतल्या नाहीत, संस्थेची बाई येऊन गेली तरी. हात भरून आले होते, थेल्मा आंटीची काठी तर थरथरत होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण जुने, नवे, सगळे तसेच उभे राहिलो, त्याच्याकडं पाठ करून, त्याला निघायचं असेल तर निघता यावं म्हणून.

आमच्यावर नदीइतकी माया ठेव.
तुझा
मार्ली